लिम्फोमासाठीची गुणसूत्र तपासणी : प्रयोगशाळेतले काम चोख, अहवाल मात्र अपुरा

लिम्फोमाच्या, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगाच्या, रुग्णांचे रक्त, अस्थिमज्जा आणि गाठीचा तुकडा या तिन्हींची गुणसूत्र तपासणी एकाच ठिकाणी करून देणाऱ्या एका विशेष प्रयोगशाळेच्या सेवेचे हे परीक्षण आहे. माझ्या मावशीला फॉलिक्युलर लिम्फोमा, म्हणजे या कर्करोगाचाच एक प्रकार, असल्याचे बायोप्सीतून निश्चित झाल्यावर तिच्या रक्तविकारतज्ज्ञांनी ही तपासणी सुचवली आणि कुटुंबात जीवशास्त्र शिकवणारी मी एकटीच असल्याने नमुन्यांपासून अहवालांपर्यंतचा सगळा व्यवहार माझ्याकडे आला. प्रयोगशाळेचे नाव मी देत नाही, कारण ज्या उणिवा मी पुढे मांडणार आहे त्या केवळ तिच्याच असतील असे मला वाटत नाही. माझे मत आधीच सांगते : पेशी वाढवणे, गुणसूत्रे पसरवून रंगवणे आणि ती वाचणे यांत ही सेवा उत्तम आहे, परंतु सापडलेला किंवा न सापडलेला बदल नेमका कोणत्या पेशींमधला आहे, हे अहवालात सांगायला ती विसरते, आणि लिम्फोमात तर अहवालाचा सगळा अर्थ त्यावरच अवलंबून असतो.

लिम्फोमाच्या रुग्णाच्या रक्तपेशींत गुणसूत्रांचा बदल दिसला, तर त्यामागे अगदी वेगवेगळी कारणे असू शकतात. गाठीतल्या कर्कपेशी रक्तात उतरलेल्या असतील, तर त्यांचा खास बदल रक्तातही दिसतो. केमोथेरपी किंवा रेडिएशन झाले असेल, तर निरोगी लिम्फोसाइटमधील गुणसूत्रांवरही तुटल्याच्या आणि चुकीच्या ठिकाणी जोडल्या गेल्याच्या खुणा उरतात. उपचारांनंतर काही वर्षांनी अस्थिमज्जेतील मूळ पेशींमध्ये नवा, वेगळाच आजार सुरू होत असेल, तर त्याची पहिली चाहूलही गुणसूत्रांतच लागू शकते. वयस्कर पुरुषांच्या रक्तपेशींतून वाय गुणसूत्र नाहीसे होणे तर निव्वळ वयामुळेही घडते आणि त्याचा लिम्फोमाशी संबंध असेलच असे नाही. म्हणून ‘बदल आढळला’ किंवा ‘बदल आढळला नाही’ एवढेच सांगणारा अहवाल रुग्णाच्या हाती फारसे काही देत नाही.

नमुना घेण्याच्या व्यवस्थेबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. पेशी जिवंत राहून विभाजित झाल्या तरच गुणसूत्रे पाहता येतात, त्यामुळे रक्त आणि मज्जा हेपरिन असलेल्या नळीतच घ्यावी लागते. नेहमीच्या रक्तगणनेची ईडीटीए नळी येथे चालत नाही. नमुना गोठवायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही आणि शक्य तितक्या लवकर पोहोचवायचा, या सूचना प्रयोगशाळेने लेखी दिल्या होत्या. आजाराचे नाव, झालेले उपचार, शेवटच्या औषधाची तारीख आणि रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या विचारणारा अर्जही सोबत होता. हा अर्ज कंटाळून अर्धवट भरू नये, कारण पेशी कोणत्या पद्धतीने वाढवायच्या हे त्यावरूनच ठरते, किंवा ठरायला हवे. आमच्या बाबतीत तो पूर्ण भरूनही पहिल्या खेपेला नेमके तेच ठरले नाही.

रक्तातील लिम्फोसाइट स्वतःहून क्वचितच विभाजित होतात. त्यांना चालना द्यावी लागते. घेवड्याच्या बियांपासून मिळणारे फायटोहिमॅग्लुटिनिन हे द्रव्य लिम्फोसाइटना विभाजनाला प्रवृत्त करते, हे पीटर नोवेल यांनी १९६० मध्ये दाखवले आणि तेव्हापासून रक्ताच्या गुणसूत्र तपासणीचा तोच पाया राहिला आहे. मात्र लिम्फोसाइटचे टी आणि बी असे दोन मुख्य प्रकार आहेत, हे द्रव्य मुख्यतः टी पेशींना जागे करते, आणि बहुतेक लिम्फोमा, फॉलिक्युलरसह, बी पेशींचे असतात. म्हणजे या पद्धतीने वाढवलेल्या रक्तातील वीस पेशी तपासल्या, तर बहुधा वीसही निरोगी टी पेशी निघतील आणि त्यांची गुणसूत्रे निर्दोष असतील. माणूस जन्मतः कोणती गुणसूत्रे घेऊन आला हे पाहायला ही पद्धत योग्य आहे, पण बी पेशींच्या कर्करोगाबद्दल ती जवळजवळ मौन पाळते. मावशीच्या रक्ताचा पहिला अहवाल असाच आला : ‘४६,एक्सएक्स[२०]’, म्हणजे तपासलेल्या वीसही पेशींत स्त्रीची नेहमीची ४६ गुणसूत्रे, आणि त्याखाली ‘सामान्य’. घरच्यांना स्वाभाविकच आनंद झाला आणि मला मात्र तो आनंद मोडण्याचे अप्रिय काम करावे लागले.

मी दूरध्वनीवरून विचारणा केली तेव्हा तेथील वरिष्ठ तंत्रज्ञ बाईंनी कोणतीही सारवासारव न करता सांगितले की रक्ताला नेहमीची टी पेशींची चालना दिली होती, आणि बी पेशींसाठी सीपीजी प्रकारचे ऑलिगोन्यूक्लिओटाइड (डीएनएचा लहान कृत्रिम तुकडा) इंटरल्यूकिन-२ या पेशींना चालना देणाऱ्या प्रथिनासोबत वापरून सुमारे बहात्तर तास पेशी वाढवण्याची सोय त्यांच्याकडे आहे. मग अस्थिमज्जेचा नमुना त्या पद्धतीने लावला गेला आणि उत्तर आले : ‘४६,एक्सएक्स,टी(१४;१८)(क्यू३२;क्यू२१)[७]/४६,एक्सएक्स[१३]’. वीसपैकी सात पेशींमध्ये चौदाव्या आणि अठराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली होती. रुग्ण तीच, आजार तोच, प्रयोगशाळाही तीच. नमुना आणि चालना देणारे द्रव्य तेवढे बदलले. दोन्ही अहवाल आपापल्या जागी बरोबर होते. आक्षेप एवढाच की पहिल्या अहवालात ‘ही तपासणी प्रामुख्याने टी पेशींवर झाली असून बी पेशींच्या लिम्फोमाची शक्यता यावरून नाकारता येत नाही’ हे एक वाक्य असते, तर अर्ध्या घराचा गैरसमज टळला असता. अर्जात आजाराचे नाव लिहून घेणाऱ्या सेवेकडून ही अपेक्षा जास्त नाही.

पेशी वाढवल्यानंतरच्या कामाचा दर्जा छायाचित्रांतूनच दिसतो. विभाजन मध्यावर थांबवणारे कोल्सेमिड, पेशी फुगवणारे पोटॅशियम क्लोराइडचे सौम्य द्रावण, मिथेनॉल आणि ॲसेटिक आम्लाचे मिश्रण, ट्रिप्सिन आणि शेवटी गिम्सा रंग, या क्रमातल्या एकाही पायरीवर वेळ चुकली तर गुणसूत्रांवरील पट्टे धूसर येतात. आम्हाला मिळालेल्या छायाचित्रांत ते स्वच्छ होते आणि कर्कपेशींच्या नमुन्यात हे सहज साधत नाही. तरीही या पद्धतीची मर्यादा लक्षात ठेवावी लागते, कारण पन्नास लाख ते एक कोटी बेस-जोड्यांहून (डीएनएच्या साखळीतील एककांहून) लहान बदल पट्ट्यांवरून दिसत नाहीत.

ती उणीव फिश तपासणी भरून काढते आणि या सेवेचा माझ्या मते सर्वांत भक्कम भाग तोच आहे. यात विशिष्ट जनुकाला चिकटणारे चमकते रंगीत प्रोब वापरतात. पेशी विभाजित होण्याची गरज नसते, त्यामुळे मेणात जतन केलेल्या बायोप्सीच्या तुकड्यावरही ती करता येते आणि वीसऐवजी दोनशे केंद्रके मोजता येतात. मावशीच्या गाठीच्या तुकड्यावर बीसीएल२ आणि आयजीएच या जनुकांचे प्रोब लावले गेले. निरोगी केंद्रकात दोन तांबडे आणि दोन हिरवे ठिपके वेगवेगळे दिसतात. तुकड्यांची अदलाबदल झालेल्या केंद्रकात एक तांबडा, एक हिरवा आणि दोन्ही रंग एकत्र आल्याने पिवळसर दिसणारे दोन ठिपके असतात. पेशीचा नैसर्गिक मृत्यू रोखणारे बीसीएल२ हे जनुक अठराव्या गुणसूत्रावरून उचलले जाऊन चौदाव्या गुणसूत्रावरील आयजीएच या प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी जाऊन बसते, तेथे ते अखंड चालू राहते आणि मरायला हव्या त्या पेशी साचत जातात. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांत हा बदल सापडतो.

अहवालात किती टक्के केंद्रकांत बदल दिसला हे तर दिले होतेच, पण निरोगी नमुन्यांवरून या प्रयोगशाळेने स्वतः ठरवलेली किमान मर्यादाही छापली होती. ही बाब किरकोळ नाही. ठिपके एकमेकांवर आल्यामुळे निरोगी केंद्रकातही कधीकधी जोड असल्याचा भास होतो, त्यामुळे मर्यादा न देता दिलेली टक्केवारी निरर्थक असते. शिवाय डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करून तो शोधणारी अतिसंवेदनशील पीसीआर पद्धत वापरली तर हाच १४-१८ बदल लिम्फोमा नसलेल्या अनेक निरोगी प्रौढांच्या रक्तातही अत्यल्प प्रमाणात सापडतो. त्यावरून एकच बदल आजार निर्माण करायला पुरेसा नसतो हे दिसते, आणि केवळ रक्ताच्या तपासणीवरून निदान का करू नये हेही कळते. बाजारात ‘एका रक्ताच्या थेंबातून’ वगैरे दावे करणाऱ्या सेवांच्या तुलनेत या प्रयोगशाळेने बायोप्सीचा आग्रह धरला, याचे मला विशेष कौतुक वाटते.

प्रोबची निवडही जाणत्या माणसाने केलेली दिसली. बर्किट या वेगाने वाढणाऱ्या बी पेशींच्या लिम्फोमात चौदाव्या गुणसूत्रावर जादा पट्टा असल्याचे १९७२ मध्ये लक्षात आले, तो आठव्या गुणसूत्रावरून येतो हे १९७६ मध्ये कळले, आणि तेथील जनुक एमवायसी असल्याचे १९८२ मध्ये सिद्ध झाले. परंतु एमवायसी नेहमी चौदाव्याकडेच जात नाही. काही रुग्णांत त्याची जोडी दुसऱ्या किंवा बाविसाव्या गुणसूत्राशी जमते. म्हणून केवळ ८-१४ जोड शोधणारा प्रोब पुरेसा नसतो, आणि जनुक कोठेही गेले तरी त्याचे तुटणे दाखवणारा ‘ब्रेक-अपार्ट’ प्रोब लावावा लागतो. तोही काही मोजक्या तुटी चुकवतो, त्यामुळे दोन्ही लावणारी प्रयोगशाळा अधिक विश्वासार्ह. येथे दोन्ही उपलब्ध आहेत. मोठ्या बी पेशींच्या आक्रमक लिम्फोमात एमवायसी आणि बीसीएल२ दोन्ही तुटलेले असले तर आजाराचा गटच बदलतो आणि उपचारही अनेकदा अधिक तीव्र द्यावे लागतात, हे पाहता अशा रुग्णांनी याबाबत प्रयोगशाळेला आधीच विचारून घ्यावे. मँटल सेल लिम्फोमा या आणखी एका प्रकारासाठी ११-१४ बदलाचा प्रोबही यादीत आहे. त्या आजारात तो जवळजवळ प्रत्येक रुग्णात सापडतो.

रक्ताचाच नमुना सर्वांत योग्य ठरावा असा लिम्फोमाच्या गटातला आजार म्हणजे दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया, आणि त्याचेच गाठींपुरते रूप असलेला स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा. पहिल्यात तर कर्कपेशी रक्तातच फिरत असतात. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३२५ रुग्णांच्या जर्मन अभ्यासात फिश पद्धतीने ८२ टक्के रुग्णांत गुणसूत्र बदल सापडले. केवळ तेराव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेल्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान १३३ महिने होते, तर सतराव्याचा तुकडा गळालेल्यांचे ३२. हे आकडे नव्या गोळ्या येण्यापूर्वीच्या काळातले आहेत, त्यामुळे आजच्या रुग्णाने ते स्वतःला लावून घेऊ नयेत. पण सतराव्या गुणसूत्रावरील टीपी५३ हे कर्करोगाला आळा घालणारे जनुक गेले असेल तर पारंपरिक केमोथेरपी टाळून बीटीके रोधक गटातील (बी पेशींना वाढीचे संकेत देणारे प्रथिन अडवणाऱ्या) औषधांकडे वळतात, हे आजही खरे आहे. हा दोष आजाराच्या वाटचालीत नव्याने येऊ शकतो, म्हणून प्रत्येक नव्या उपचारापूर्वी ही तपासणी पुन्हा करावी लागते. प्रयोगशाळेच्या माहितीपत्रकात पुनर्तपासणीचा उल्लेखही नाही, ही उणीव त्यांनी दूर करावी.

उपचार पूर्ण झाल्यानंतरच्या अहवालाबाबत मी सर्वाधिक असमाधानी आहे. मावशीला केमोथेरपी आणि एका भागाला रेडिएशन दिल्यानंतर, रक्तगणना रेंगाळत असल्याने डॉक्टरांनी पुन्हा गुणसूत्र तपासणी करायला सांगितली. अहवालात ‘काही पेशींत यादृच्छिक तुटी व एका पेशीत द्विकेंद्री गुणसूत्र’ असे लिहून पुढे पूर्णविराम होता. हे वाचून कोणाही नातेवाइकाच्या पोटात गोळा येईल. वास्तविक रेडिएशनमुळे लिम्फोसाइटमध्ये दोन सेंट्रोमिअर (गुणसूत्राच्या दोन बाजू जोडणारे आवळलेले भाग) असलेली, म्हणजेच द्विकेंद्री, गुणसूत्रे आणि वलयाकार गुणसूत्रे तयार होणे इतके अपेक्षित आहे की अपघाताने किरणोत्सर्गाच्या संपर्कात आलेल्या व्यक्तीला किती मात्रा मिळाली, हे अशीच गुणसूत्रे मोजून ठरवतात. किरणोत्सर्गाचा विशेष संपर्क न आलेल्या माणसातही हजारभर पेशींमागे साधारण एखादे द्विकेंद्री गुणसूत्र सापडू शकते. अशा पेशींना पुढचे विभाजन नीट जमत नाही, त्यामुळे काळाबरोबर त्या घटत जातात. तुकड्यांची समतोल अदलाबदल झालेल्या पेशी मात्र दीर्घकाळ टिकतात. लिम्फोमाच्या, विशेषतः हॉजकिन प्रकारच्या, काही रुग्णांत उपचारांपूर्वीही निरोगी लिम्फोसाइटमध्ये असे दोष वाढलेले आढळल्याची निरीक्षणे आहेत.

एका पेशीत एक आणि दुसऱ्या पेशीत दुसरा, अशा विखुरलेल्या बदलांपेक्षा एकच बदल अनेक पेशींत पुन्हा पुन्हा दिसणे अधिक चिंतेचे असते, कारण तो एकाच पेशीची संतती वाढत असल्याचा पुरावा असतो. आंतरराष्ट्रीय नियमानुसार तोच रचनात्मक बदल किंवा तेच जादा गुणसूत्र किमान दोन पेशींत, आणि तेच गुणसूत्र नसणे किमान तीन पेशींत दिसले, तरच त्याला पेशीवंश म्हणतात. सायक्लोफॉस्फामाइडसारख्या केमोथेरपीच्या औषधांनंतर साधारण पाच ते दहा वर्षांनी पाचव्या किंवा सातव्या गुणसूत्राचा तुकडा अथवा संपूर्ण गुणसूत्रच गळालेला असा वंश मज्जेत दिसला, किंवा इटोपोसाइडसारख्या औषधांनंतर त्याहून लवकर, अनेकदा एक ते तीन वर्षांतच, अकराव्या गुणसूत्रावरील ११क्यू२३ या जागी तुटलेला वंश दिसला, तर उपचारजन्य रक्तविकाराची शक्यता गांभीर्याने घ्यावी लागते. मावशीच्या अहवालात असा एकही वंश नव्हता. म्हणजे बातमी मुळात दिलासा देणारी होती, आणि ‘कोणताही पेशीवंश आढळला नाही, विखुरलेल्या तुटी पूर्वीच्या उपचारांशी सुसंगत आहेत’ असे लिहिणे शक्य होते. ते डॉक्टरांनी तोंडी सांगितले. तुटी मोजण्याचे कष्ट घेणाऱ्याने तेवढे लिहिण्याचेही घ्यायला हवे होते.

अहवालाची सांकेतिक भाषा सामान्य वाचकाला समजत नाही, याचा दोष मी प्रयोगशाळेला देणार नाही. जगभरच्या प्रयोगशाळांनी एकमेकींचे निष्कर्ष वाचावेत म्हणून ती ठरवलेली आहे आणि तिच्यात पळवाट नसावी हेच बरे. चौकटी कंसातला आकडा म्हणजे तशा पेशींची संख्या, तिरकी रेघ म्हणजे दुसरा पेशीगट, ‘पी’ आणि ‘क्यू’ म्हणजे गुणसूत्राची आखूड आणि लांब बाजू, एवढे कळले तरी अर्धा अहवाल वाचता येतो. ही किल्ली अहवालाच्या पाठीवर छापायला काहीच हरकत नव्हती. त्याच पाठीवर आणखी एक गोष्ट ठळक अक्षरांत हवी : लिम्फोमाच्या पेशींतील हे बदल आयुष्यात पुढे कधीतरी एका पेशीत घडलेले असतात, ते जन्मजात नसतात आणि मुलांकडे जात नाहीत. ‘गुणसूत्र’ हा शब्द वाचताच मावशीच्या मुलीने स्वतःची तपासणी करून घेण्याची तयारी चालवली होती, आणि नोंदणी खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने तिला अडवण्याऐवजी अर्ज दिला. वरिष्ठ तंत्रज्ञ बाईंनी मात्र तिला वीस मिनिटे शांतपणे समजावले आणि अर्ज परत घेतला. ही सेवा माणसांवर इतकी अवलंबून असावी हे मला खटकते. योग्य माणूस भेटला तर समाधान मिळते, नाहीतर केवळ कागद.

वेळेबाबत अवाजवी अपेक्षा ठेवू नये. फिशचे उत्तर लवकर मिळते. कॅरिओटाइपला, म्हणजे पट्टे रंगवून सगळी गुणसूत्रे वाचण्याच्या तपासणीला, पेशी वाढवण्याचा आणि वाचण्याचा वेळ लागतोच आणि तो घाईने कमी केला तर दर्जा घसरतो. कधीकधी पेशी वाढतच नाहीत आणि ‘विभाजन मिळाले नाही’ असा अहवाल येतो. त्याला ‘सामान्य’ समजू नये. हॉजकिन लिम्फोमाच्या रुग्णांना या सेवेचा फायदा तुलनेने कमी, कारण गाठीत खऱ्या कर्कपेशी थोड्याच असतात आणि त्या वाढवणे अवघड असते. तेथे निदान मुख्यतः सूक्ष्मदर्शकाखाली आणि प्रतिपिंडांच्या रंगांवरच होते.

नमुना आणि फिश यांसाठी मी या सेवेला पाचपैकी साडेचार गुण देईन, अहवालाच्या लेखनाला दोनच. तपासणी सांगितली गेली असेल तर नमुना देण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : पेशींना कोणती चालना देणार, गाठीच्या तुकड्यावर कोणते प्रोब लावणार, आणि उरलेल्या पेशी किती काळ जपून ठेवणार. तिसरा प्रश्न आम्ही सुरुवातीला विचारला नव्हता. मिथेनॉल आणि ॲसेटिक आम्लात स्थिर केलेल्या पेशी शून्याखाली वीस अंशांवर वर्षानुवर्षे टिकतात. मावशीच्या पहिल्या मज्जेतल्या अशा पेशी प्रयोगशाळेने ठेवलेल्या होत्या, आणि टीपी५३ सुरुवातीपासूनच गेलेले होते का, हे पुढे डॉक्टरांना पाहायचे होते तेव्हा जुन्याच पेशींवर नवा प्रोब लावून उत्तर मिळाले. अहवालात या साठवणीचा उल्लेख कोठेही नाही. विचारणाऱ्यालाच ते सांगितले जाते.